नानांना कुठे ठेवायचं

माझे सासरे नाना एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटल्यावर एका सकाळी ते दाढी करून, खाकी कपडे घालून बाहेर आले आणि माझ्याकडे डबा मागायला लागले. आमच्या घरातला आजार त्या दिवशी सुरू झाला असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे तो आधीच आलेला होता, आम्ही त्याला आजार म्हणत नव्हतो इतकंच.

"मंगल, डबा दे. जुन्नर गाडी आहे माझी."

नानांना थट्टा करायची सवय होती, म्हणून मीही थट्टेवारी नेलं. म्हटलं, "नाना, गाडी केव्हाच सुटली."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "मग कंट्रोलरला काय सांगू आता?"

स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "अहो, रिटायर झालात ना तुम्ही?" तर त्यांच्यावर खेकसले, "तू गप्प बस. ड्युटीतलं तुला काय कळतं?"

आम्ही तेव्हा वर्तकनगरला दोन खोल्यांत राहत होतो. नाना, आई म्हणजे माझ्या सासूबाई, माझे यजमान विलास, आमची शाळेत जाणारी मुलगी आणि मी. विलास वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत फिटर होते. मी ठाण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात स्टाफ नर्स. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घरात माणसं होती, कमावते हात होते, एक नर्स होती. अशा घराला म्हातारं माणूस सांभाळणं जड जाईल असं कुणालाच वाटलं नसतं. मलाही वाटलं नव्हतं.

त्या सकाळनंतर मागचं एकेक आठवायला लागलं. गॅस बंद करा म्हटलं की नाना रेडिओ बंद करायचे. भाचीच्या लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाला त्याचं नाव पुन्हा पुन्हा विचारलं, आणि तो पोरगा बिचारा हसून सांगत राहिला. जन्मभर माळशेज घाटात गाडी चालवलेला माणूस भाजी आणायला जाऊन दुसऱ्याच इमारतीचा जिना चढला आणि तिथल्या बाईशी भांडला, की माझं घर का बळकावलंस म्हणून.

फॅमिली डॉक्टर म्हणाले, वय झालंय, टॉनिक देतो. दुसऱ्याने ब्लडप्रेशर मोजलं आणि मीठ कमी करायला सांगितलं. माझी नणंद कुंदाताई डोंबिवलीहून अंगारा घेऊन आल्या. मी मात्र हात चोळत बसले होते. आमच्या ट्रेनिंगमध्ये म्हातारपणच्या बुद्धिभ्रंशाला एक परिच्छेद होता, परीक्षेत तो कधी येत नसे, म्हणून शिकवणाऱ्या बाईंनीही तो वाचून सोडून दिला होता.

निदान

शेवटी ओळखी काढून मुंबईतल्या एका मोठ्या डॉक्टरांची वेळ मिळवली. विलासना रजा मिळाली नाही. मिळाली नाही की त्यांनी मागितली नाही, हे मी विचारलं नाही. नानांना घेऊन मीच गेले.

डॉक्टर तरुण होते, वागायला चांगले होते. त्यांनी नानांना पेन दाखवून हे काय म्हणून विचारलं. नाना म्हणाले, "लिहायचं." किल्ली दाखवली. "उघडायचं." आज वार कोणता, तर म्हणाले, "तुमच्यामागे कॅलेंडर आहे की, बघा त्यात." डॉक्टर हसले. मीही हसले. वाटलं, उगीच घाबरलो आपण. मग त्यांनी कागद दिला आणि घड्याळ काढायला सांगितलं. नानांनी गोल छान काढला. नंतर सगळे आकडे एका बाजूला दाटीवाटीने लिहिले, आणि थांबले. दुसरी बाजू रिकामी दिसत होती हे त्यांनाही कळत होतं, पण तिथे काय लिहायचं ते सुचत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत शेजारच्या मुलाकडे बघावं तसं.

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागले. मी नर्स असल्यामुळे त्यांना ते सोयीचं होतं. नाना मध्ये बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, एकदा त्यांच्या तोंडाकडे बघत, एकदा माझ्या. डिमेन्शिया हा शब्द मी माझ्या घरातल्या माणसाबद्दल पहिल्यांदा तिथे ऐकला. औषधाचं विचारलं तर म्हणाले, तसं काही नाही, हे वाढत जाणार. मग मराठीत म्हणाले, "सांभाळा त्यांना."

कसं सांभाळू, हे विचारायला मी तोंड उघडलं तोवर पुढचा पेशंट आत आला होता.

बाहेरच्या बाकावर बसून मी नानांच्या चपलेचा पट्टा लावत होते. नाना वाकून हळूच म्हणाले, "काय म्हणाला गं? नापास केलं का मला?"

"नाही नाना. आराम करा म्हणाले थोडा."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मी अजून विसरलेले नाही. त्याच वेळी मनातून मी त्या डॉक्टरांवर, विलासवर, आणि 'सांभाळा' या शब्दावर इतकी चिडलेली होते की रडूसुद्धा आलं नाही.

तू नर्स आहेस ना

पुढचे महिने मी हे वाक्य इतक्यांच्या तोंडून ऐकलं की शेवटी कुणी बोलायच्या आधीच मला ते दिसायला लागायचं.

कुंदाताई म्हणायच्या, "मंगल, तू नर्स आहेस, तुला काय जड आहे? आमच्यासारख्यांना कुठे जमतंय हे." शेजारच्या बायका म्हणायच्या, नशीबवान आहेत हो नाना, घरात नर्स आहे. वॉर्डात माझ्याबरोबरच्या सिस्टर म्हणायच्या, तुला काय सांगायचं, तुला सगळं माहीतच आहे. आणि विलास काहीच म्हणायचे नाहीत. कंपनीतून आले की पेपर उघडायचे. डिमेन्शिया हा शब्द त्यांनी वर्षभर उच्चारला नाही. पाहुण्यांना सांगायचे, "नाना जरा विसरभोळे झालेत."

मी ड्युटीवर परक्यांचे कपडे बदलायचे आणि घरी येऊन नानांचे. घरचं काम वेगळं असतं. वॉर्डात पेशंट ओरडला तर तो पेशंट असतो. घरी नाना ओरडले की सासरे ओरडत असतात. अंघोळीला न्यायला गेले की म्हणायचे, "परक्या बाईने माझ्या अंगाला हात लावायचा नाही." बरोबरच होतं त्यांचं. सुनेने सासऱ्याला अंघोळ घालायची हे आमच्या घरात कुणाला रुचणार होतं? पण मुलाने घालावी, असं म्हणायचीही कुणाची तयारी नव्हती.

सगळ्यात हाल आईंचे झाले. नानांच्या लेखी त्या कुणी नव्हत्या. कधी त्यांना विनातिकीट चढलेली बाई समजायचे आणि उतर म्हणायचे. कधी चोर. एकदा मी ड्युटीवरून आले तर आईंच्या कपाळाला टेंगूळ होतं आणि गालावर वळ.

"कपाटाचं दार लागलं," त्या म्हणाल्या.

मी जखमा बघतच नोकरी केली आहे. म्हटलं, "आई, दाराने बोटं उमटत नाहीत."

त्यांनी पदर पुढे ओढला. "विलासला सांगू नकोस. बापाबद्दल वाईट येईल त्याच्या मनात." थोड्या वेळाने, भाजी चिरता चिरता, म्हणाल्या, "उभ्या जन्मात हात नव्हता उचलला गं त्यांनी."

मी विलासना सांगितलं. ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत आले तेव्हा म्हणाले, "तू नर्स आहेस. कुठलं तरी इंजेक्शन असेल ना यावर."

खोपटचा डेपो

नाना रोज सकाळी खोपटच्या एसटी डेपोत जायला लागले. अडवलं तर चिडायचे, म्हणून आम्ही जाऊ द्यायचो. तिथले लोक त्यांना ओळखत होते. चहा द्यायचे, बाकावर बसवायचे, ओळखीचं कुणी वर्तकनगरकडे निघालं की सोबत पाठवायचे. मला तर वाटायचं, बरं झालं, सकाळ तरी निघते.

मग एक दिवस डेपोतून दोन माणसं नानांना धरून घरी आली. एक जुने कंट्रोलर, नानांबरोबर नोकरी केलेले, निवृत्तीला आलेले. दुसरा मेकॅनिक. नानांच्या कपाळाला पट्टी होती. नाना एका उभ्या गाडीत चढले होते, गाडी चालू केली होती आणि गिअर टाकला होता. पुढे बाकावर उतारू बसले होते. मेकॅनिकने ओरडून लोकांना बाजूला केलं. गाडी कुंपणाच्या भिंतीला लागून बंद पडली. कुणाला काही झालं नाही.

कंट्रोलर दारातच उभे राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही. विलासना म्हणाले, "हे बघ बाळा, तुझ्या बापाने मला गाडी शिकवली. म्हणून मी आज निस्तरलं. पुढच्या खेपेला माझ्या हातात नसेल. त्या बाकावर एक बाई लेकराला घेऊन बसलेली. घरात ठेवा, नाहीतर कुठेतरी ठेवा, पण ठेवा."

नाना पलंगावर बसून सगळ्यांकडे बघत होते. "ब्रेक गेला," ते म्हणाले. "वर्कशॉपला लिहून द्या."

त्या दिवशी पहिल्यांदा विलास मला म्हणाले, "कुठे मिळते का बघ जागा."

जागा

आता लोक विचारतात, जागा शोधायला इतका काळ का लागला? जागाच नव्हत्या म्हणून. वृद्धाश्रम हा शब्द तेव्हा आमच्या लोकांत शिवीसारखा वापरला जायचा. जे थोडे होते, त्यांना ठणठणीत म्हातारे हवे असत. माझ्या सुट्टीच्या दिवशी मी निघायचे. कल्याणच्या आसपास, बदलापूरकडे, कुणी सांगेल तिथे. बहुतेक ठिकाणी फाटकावरच चौकशी व्हायची आणि फाटकावरच संपायची.

शहाडच्या बाजूला एका ट्रस्टचा आश्रम होता. झाडंबिडं लावलेली, स्वच्छ आवार. तिथे विलासही आले होते. व्यवस्थापक गृहस्थ म्हातारे, शांत बोलणारे.

"स्वतःचं स्वतः करतात का?" त्यांनी विचारलं.

"थोडी मदत लागते," विलास म्हणाले.

"डोकं शाबूत आहे ना? त्रास नाही ना द्यायचे?"

विलास म्हणाले, "नाही नाही. थोडं विसरतात, एवढंच."

मला राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. कपडे, अंघोळ, बाहेर निघून जाणं, आईंचं कपाळ. गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "ताई, मग ते इथे कसे राहणार? आमच्याकडे डोकं ठिकाणावर असलेलेच घेतो."

"डोकं ठिकाणावर असतं तर मी त्यांना इथे आणलं असतं का?"

त्यांनी चष्मा परत लावला. वाईट वाटलं त्यांना, ते दिसत होतं. म्हणाले, हॉस्पिटलात विचारा. हॉस्पिटलात मी रोजच जात होते. तिथे सगळे म्हणायचे, यांना आजार काही नाही, बेड कशाला अडवायचा. नातेवाइकांतले एक काका म्हणाले, वेड्यांच्या इस्पितळात टाका सरळ. मी तिथेही चौकशी केली. तिथल्या डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या, म्हणाल्या, "इथे नका आणू. हे वेड नाही, आणि इथल्या गर्दीत ते टिकायचे नाहीत."

शहाडहून परतताना विलास रस्त्यातच थांबले. "तुला सगळं पाढे म्हटल्यासारखं सांगायची काय गरज होती? दोन दिवस राहिले असते तर सवय झाली असती त्यांना."

"दुसऱ्याच दिवशी रिक्षात घालून परत पाठवले असते त्यांनी. नानांना दोनदा हाकललेलं बघायचंय का तुम्हाला?"

"निदान दोन दिवस झोपलो असतो आपण," ते म्हणाले. आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, खाली मान घालून उभे राहिले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना तसं पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग आला होता आणि तो राग धरून ठेवावा असंही वाटत होतं. पण तो टिकला नाही.

कुंदाताईंची पाळी

हे कुंदाताईंच्या कानावर गेलं. त्या तडक आल्या. "माझ्या बापाला अनाथासारखं कुठे टाकायची गरज नाही. मी नेते." नाना त्यांच्याबरोबर हसतमुखाने गेले. लेक कोण ते कळत नव्हतं, पण कुणीतरी प्रेमाने हात धरलाय हे कळत होतं.

आठवडाही गेला नसेल, दुपारी रुग्णालयात फोन आला. कुंदाताईंचा आवाज ओळखू येत नव्हता. दूधवाल्याला पैसे द्यायला दार उघडलं आणि नाना सकाळीच निघून गेले होते.

विलास आणि त्यांचे मेहुणे स्कूटरवर डोंबिवली पालथी घालत होते. पोलीस चौकीत सांगितलं, दवाखाने झाले, मग कल्याणचा एसटी स्टँड झाला. मी कल्याणला उतरले तेव्हा विलास स्टँडवर एकेका गाडीत डोकावून बघत होते. मी म्हटलं, "मुरबाडच्या रस्त्याने जाऊन बघा. त्यांची गाडी त्याच रस्त्याने जायची."

शहाडच्या पुलाच्या अलीकडे, रस्त्याकडेच्या टपरीवर नाना सापडले. डोंबिवलीहून चालत आलेले. पायांत चपला नव्हत्या. टपरीवाल्या बाईने त्यांना बसवून ठेवलं होतं, पायांवर पाणी ओतलं होतं आणि पाव चहात बुडवून दिला होता. ती म्हणाली, "मी सारखी विचारते, बाबा कुठं राहता? तर म्हणतात, घाट उतरला की सांगतो."

नानांना घरी आणलं तेव्हा कुंदाताईंनी त्यांचे तळवे पाहिले. कातडी सोलून निघाली होती. "मला वाटायचं तुम्ही वाढवून सांगता," त्या म्हणाल्या. मी जखमा धुवायला घेतल्या. बोलण्यासारखं खूप होतं.

वॉर्ड

पायांच्या जखमा चिघळल्या, ताप चढला, आणि नाना माझ्याच रुग्णालयात पुरुषांच्या वॉर्डात दाखल झाले. मी दुसऱ्या वॉर्डात होते. डबा खायच्या सुट्टीत धावत जायचे.

पहिल्या दिवशी गेले तर त्यांचे दोन्ही हात बँडेजने पलंगाला बांधलेले. सलाइन ओढत होते म्हणून. तिथली सिस्टर ओशाळली. म्हणाली, "काय करू गं, एवढा मोठा वॉर्ड आणि मी एकटी." खोटं नव्हतं ते. मी हात सोडले आणि सुट्टी संपेपर्यंत धरून बसले. मग परत बांधायची वेळ आली.

तेव्हा शेजारच्या पलंगावरून एक कोळी बाबा बोलले. खाडीवर मासेमारी करणारे, मांडीचं हाड मोडलं म्हणून पायाला वजन लावून पडलेले. "रावदे गो बाय, बांधू नको. मी बोलतंय त्याच्याशी." आणि नानांना म्हणाले, "काय डायवर, मुरबार आला का?"

नाना त्यांच्याकडे वळले. "येतंय. आधी टिटवाळा फाटा येईल."

"मना सांग हां. झोप लागली त मी फुडं जाईन."

"झोपा तुम्ही. मी हाक मारतो."

आणि नाना हात न हलवता बसून राहिले. एका उतारूला मुरबाडला उतरवायचं होतं त्यांना. दिवसभर ते दोघे असा प्रवास करत. सकाळी चहाची गाडी यायची, मग डॉक्टरांची फेरी, मग ड्रेसिंग, मग जेवण. रोज त्याच वेळी तेच. घरी असताना संध्याकाळ झाली की नाना बेचैन व्हायचे, इथे त्या मानाने कमी झाले. मी ते बघत होते. त्यांना औषधापेक्षा ठरलेला दिवस हवा होता, फिरायला मोकळी पण बंद जागा हवी होती, आणि त्यांच्या बोलण्याला कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. आमच्या दोन खोल्यांत, तीन दमलेल्या माणसांकडून, ते होणार नव्हतं.

ताप उतरला आणि डिस्चार्ज लिहिला गेला. शेरा होता, प्रकृती उत्तम. तो वाचून मी खरंच हसले.

प्रधानबाई

आमच्या जुन्या मेट्रन प्रधानबाई निवृत्त होऊन डोंबिवलीला राहत होत्या. डोळे तपासायला रुग्णालयात आल्या होत्या, तिथे मी भेटले. कशी आहेस म्हणाल्या आणि मी सगळं ओकून टाकलं, चारचौघांत. त्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली बहीण होती. तिच्यासाठी दोन बायका ठेवलेल्या. बैठं घर, भोवती कुंपण, फाटकाला कडी.

"माझ्याकडे आण त्यांना," त्या म्हणाल्या.

"बाई, ते हात उचलतात."

"तू परीक्षेला घाबरायचीस तेव्हाही मी हेच म्हणाले होते. आधी बघू तर."

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाल्या, "मी मेल्यावर न्या." विलास म्हणाले, लोक तोंडात शेण घालतील. या वेळी कुंदाताई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांनी आईंना एवढंच विचारलं, "आई, शेवटचं पोटभर कधी झोपलीस?" आईंनी उठून नानांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

नाना प्रधानबाईंकडे गेले आणि लोकांनी खरंच शेण घातलं. वर्तकनगरातल्या एका बाईने जिन्यात मला ऐकू जाईल असं म्हटलं, नर्स असून सासऱ्याला घराबाहेर काढलं. आधी नर्स म्हणून मला सगळं जमायला हवं होतं, आता नर्स असून मी असं केलं होतं. मी जिना चढत राहिले.

तिथे चमत्कार काही झाला नाही. प्रधानबाईंनीही मार खाल्ला. एकदा नाना कुंपणावरून चढायला गेले आणि पडले. पण त्यांची रोज दाढी व्हायची, अंगाला वास नसायचा, आणि ते घराभोवती फेऱ्या मारत राहायचे. आई एक दिवसाआड जायच्या, त्यांना भरवायच्या, आणि रात्री घरी येऊन झोपायच्या. विलास रविवारी जायचे. नाना त्यांना कंडक्टर समजायचे.

"बस भरली का रे? मग दे डबल बेल."

विलास पहिल्यांदा नुसते बघत राहिले. नंतर एकदा मी फाटकातून आत येताना पाहिलं, ते नानांच्या शेजारी बसून जिभेने टिंग टिंग करत होते. नाना खूश होते. बाप-लेकांचं इतकं बोलणं मी घरी कधी ऐकलं नव्हतं.

बाकीचे

बातमी पसरायला वेळ लागला नाही. वॉर्डात कुणाची आई असायची, कुणाचे काका, आणि नातेवाईक मला हळूच बाजूला घेऊन विचारायचे, "सिस्टर, तुमच्या सासऱ्यांना कुठे ठेवलंय?" प्रधानबाईंकडे जागा थोडी. मग मी त्यांच्यासाठी शोधायला लागले. सुट्टीच्या दिवशी पुन्हा तेच, कल्याण, बदलापूर, भिवंडीकडचे रस्ते. पुढे नोकरी सोडून हेच करायला लागले. रुग्णालयातल्या नव्या मेट्रनने विचारलं, म्हणजे नक्की काय करणार? मला त्या कामाचं नाव सांगता आलं नाही. अजूनही येत नाही.

नव्वदनंतर जागा वाढल्या. पाट्या छान, रंग नवे. पण चिडायला कारणं कमी झाली नाहीत. फोनवर 'सगळे घेतो' म्हणणारे प्रत्यक्षात पेशंटला झोपेची गोळी देऊन खुर्चीत बसवून ठेवत. एका ठिकाणी तर भेटायची वेळ ठरवून गेल्याशिवाय आत घेत नसत. म्हणून मी घरच्यांना सांगते, न सांगता जा आणि जेवणाच्या वेळी जा. तिथल्या म्हाताऱ्यांची नखं बघा. बाग बघू नका. संडासला कोण नेतं त्या बाईशी बोला, मालकाशी नंतर. आणि आपल्या माणसाचं सगळं खरं सांगा. नाही म्हणाले तर फाटकावरच नाही म्हणू देत.

मुलगे अजून 'विसरभोळे' म्हणतात. सुना अजून एकट्याच येतात. ज्या दिवशी मुलगा एकटा येईल आणि म्हणेल, मी अंघोळ घालतो पण आता झेपत नाही, त्या दिवशी मी त्याला चहा पाजेन असं मी कुंदाताईंना म्हणायचे. असे दोन आले आजवर. पाजला चहा.

नाना वारले तेही प्रधानबाईंकडेच. न्यूमोनिया झाला, आणि या वेळी आम्ही त्यांना रुग्णालयात हलवलं नाही. हात बांधले जाऊ नयेत म्हणून. सकाळची वेळ होती. आई उशाशी होत्या, विलासनी पाय धरले होते. कुंदाताई पोचायच्या होत्या.

दिवसकार्य सगळं वर्तकनगरलाच झालं. तेराव्याला पाहुणे पांगल्यावर आम्ही घरचेच उरलो. मी भांडी पुसत होते, विलास सतरंज्या गुंडाळत होते. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मंगल, इकडे बस जरा."

मी जाऊन बसले.

"माझं डोकं असं झालं ना, तर मला घरात ठेवायचं नाही. चांगली जागा बघायची. तुला कळतं त्यातलं."

विलासनी सतरंजी खाली ठेवली. "आई, काहीतरीच काय बोलतेस? मी आहे ना."

आईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुला नाही विचारलं रे," त्या म्हणाल्या. "हिला सांगतेय. तू फक्त रविवारी येत जा."